सफोकच्या शेतात मशीन घेऊन: मेटल डिटेक्टिंगचा श्रीगणेशा

गुरुवार

लेस्टरहून इप्सविचला, म्हणजे इंग्लंडच्या पूर्वेकडच्या सफोकमध्ये, जायचं तर पीटरबरोला गाडी बदलायची आणि तिथून पुढे नुसता सपाट मुलुख, नजर जाईल तिकडे शेतं, मध्येच कुठेतरी चर्चचं टोक. बरी सेंट एडमंड्सला खिडकीतून साखर कारखाना दिसला. मी मिरजेची, साखर कारखाना दिसला की मान आपोआप वळते, फक्त इथे ऊस नाही, बीट. सप्टेंबर संपत आलेला, गहू आणि बार्ली निघून गेलेली, शेतात धसकटं उभी. दादाने हीच वेळ मुद्दाम सांगितलेली, कारण पीक उभं असताना शेतात पाय टाकायचा नाही आणि पेरणी झाली की परत बंद, मधे जी काय फट मिळते तेवढीच.

दादा म्हणजे माझा मावसभाऊ. इप्सविचला बरीच वर्षं आहे आणि लॉकडाऊननंतर ह्या मेटल डिटेक्टिंगच्या, म्हणजे धातू हुडकणारं मशीन घेऊन शेतात जुन्या वस्तू शोधायच्या, नादाला लागलाय. वहिनी स्टेशनवर घ्यायला आल्या तेव्हाच म्हणाल्या, "तू पण आलीस का ह्याच्या चिखलात लोळायला? माझं वॉशिंग मशीन दोन वर्षांत गेलं, सांगून ठेवते."

चहा झाल्या झाल्या गॅरेजमध्ये. मशीन बघून जरा निराशाच झाली खरं तर. एक दांडा, वर मोबाइलपेक्षा लहान स्क्रीन, खाली थाळीएवढी तबकडी, तिला कॉइल म्हणतात. बस्स. दादाने मला द्यायला जुनं मशीन काढून ठेवलेलं, नवशिक्यांचं, अडीच-तीनशे पौंडात येतं तसलं. त्याचं स्वतःचं हजाराच्या वरचं आहे, किती वरचं ते वहिनींसमोर बोलायचं नाही.

आत काय होतं ते त्याने सांगितलं ते असं. कॉइलमधून चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं, खाली धातू असला की त्या धातूत बारीक बारीक करंट फिरायला लागतात, ते करंट आपलं स्वतःचं क्षेत्र तयार करतात आणि कॉइलमधली दुसरी वायर ते पकडते. ते उत्तर किती मागे पडून आलं ह्यावरून धातू कोणता असेल ह्याचा अंदाज, आणि तो स्क्रीनवर नंबर म्हणून येतो. लोखंड खालच्या नंबरात, आवाज घोगरा. चांदी, तांबं वरच्या नंबरात, आवाज गोड. आणि मधे जी खिचडी आहे तिथेच सगळा घोळ, कारण ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा, कोकच्या डब्याची कडी आणि सोन्याची पातळ अंगठी ह्यांचे नंबर एकमेकांत मिसळलेले असतात. म्हणजे अंगठी हवी असेल तर कड्या उकराव्याच लागतात, मशीन कितीही महाग घ्या.

"आणि हे काय आजचं नाही," दादा म्हणाला. 1881 मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड ह्यांना गोळी लागली, ती अंगात नेमकी कुठे अडकलीय ते सापडेना, तेव्हा टेलिफोनवाले ग्रॅहॅम बेल असंच एक यंत्र घेऊन गेले. पण पलंगात स्टीलच्या स्प्रिंगा, आणि डॉक्टर म्हणत होते त्याच बाजूला फक्त बघू दिलं, गोळी दुसरीकडेच होती. गारफिल्ड गेले बिचारे. म्हणून दादाचा पहिला नियम, बुटात स्टील नको, पट्ट्याचं बक्कल नको, मोबाइल मागच्या खिशात.

मग मागच्या लॉनवर त्याने चिल्लर टाकली आणि मला वरून मशीन फिरवायला लावलं. एक गंमत तिथेच कळली. दोन पेनी, दिसायला सेम टू सेम तांबूस, पण आवाज वेगळा. 1992 पासूनचे पेनी म्हणजे आतून स्टील आणि वरून तांब्याचा मुलामा, आधीचे ब्राँझचे. डोळ्याला जे कळत नाही ते कानाला लगेच कळतं.

जेवताना कायदा. हे ऐकल्याशिवाय उद्या मशीन हातात मिळणार नाही अशी अटच होती, आणि त्याचं बरोबर आहे, कारण लोक यूट्यूब बघून मशीन घेतात आणि थेट जवळच्या बागेत खणायला लागतात. इंग्लंडमध्ये जमीन कुणाची ना कुणाची असतेच, त्या मालकाची परवानगी पाहिजे, शक्यतो लेखी. ही मंडळी त्या शेतालाच परमिशन म्हणतात, म्हणजे "माझ्याकडे दोन परमिशन आहेत" असं, जसं आपण दोन एकर म्हणू. संरक्षित स्मारकाच्या जागेत लायसन्सशिवाय मशीन चालवलं तर 1979 च्या कायद्याने गुन्हा. आणि मग ट्रेझर ॲक्ट, 1996 चा. वस्तू 300 वर्षांपेक्षा जुनी आणि निदान 10 टक्के सोनं किंवा चांदी असेल तर ती ट्रेझर, 14 दिवसांत कॉरोनरला कळवायचं. हो, तोच कॉरोनर जो संशयास्पद मृत्यूची चौकशी करतो, जुनी परंपरा. म्युझियमला वस्तू हवी असेल तर तज्ज्ञांची समिती बाजारभाव ठरवते आणि ते पैसे साधारणपणे शोधणारा आणि जमीनमालक निम्मे-निम्मे घेतात. सुटं एकच नाणं सापडलं तर ते सहसा ट्रेझरमध्ये येत नाही, दोन किंवा जास्त एकत्र सापडली तर येतात. 2023 पासून 200 वर्षांच्या वरच्या खास महत्त्वाच्या वस्तूही त्यात घेतल्यात, मग सोनं-चांदी असो नसो. स्कॉटलंडला सगळंच वेगळं, तिथे जुनं काहीही सापडलं तरी कळवायचंच.

मला त्यातली एक गोष्ट फार आवडली, की सांगणाऱ्याला पैसे मिळतात. आपल्याकडेही कायदा आहे, 1878 चा, दहा रुपयांच्या वर किमतीचं गुप्तधन सापडलं तर कलेक्टरला कळवायचं. दहा रुपये! कुणाला माहीत तरी आहे का तो. आमच्या गावाकडे नांगराला हंडा लागल्याच्या गोष्टी किती, आणि पुढे त्या हंड्याचं काय झालं ते कुणी सांगत नाही.

शुक्रवार

सकाळी सात वाजता निघालो. स्टोमार्केटच्या बाजूला दादाची परमिशन, शेतकरी सत्तरीचा, लाल गालांचा, बोलणं मोजकं. ही परमिशन मिळवायला दादाला काय काय करावं लागलं ते वहिनींकडून ऐकायचं. पंचवीसेक शेतकऱ्यांच्या दारात जाऊन नकार घेतले, हा एक "बघू" म्हणाला, मग दिवाळीला चकल्यांचा डबा गेला, तेव्हापासून रस्ता उघडला. आजही डबा होताच. शेतकऱ्याने झाकण तिथेच उघडून एक तोंडात टाकली आणि हाताने दाखवलं, ते वरचं शेत घ्या, खालच्यात मेंढ्या आहेत, फाटक लावा.

फाटक लावा हे तो दोनदा म्हणाला. ज्यांच्या परमिशन जातात त्यांच्या बहुतेक फाटकावरूनच जातात म्हणे.

आता प्रत्यक्ष काम. कॉइल जमिनीला समांतर, जवळजवळ टेकलेली, आणि हळू. नवीन माणूस झाडू मारल्यासारखा दोन्ही टोकांना कॉइल वर उचलतो, तिथेच खोली जाते. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर थोडी चढवायची. धसकटं मधे येतात, कॉइलला खर्र खर्र घासतात, कान किटतात. नाणं साधारण सहा-आठ इंचांपर्यंत सापडतं, त्याच्या खाली फार अपेक्षा नको, आणि खाली जायचंही नसतं. नांगराने उलटलेला जो वरचा थर आहे त्यातलंच काढायचं. त्याखालची माती कुणी हलवलेली नसते, तिथे काही लागलं तर थांबून आर्किऑलॉजीवाल्यांना फोन. हे मला आधी उगाच सोवळं वाटलेलं, पण दादाने विचारलं, "नांगराने वस्तू तर हलवलीच आहे, आपण उचलली तर काय बिघडलं? पण जी हललेली नाही ती कशाशेजारी होती, कशावर होती, हे एकदा उकरलं की कायमचं गेलं ना?" पटलं.

पहिला सिग्नल आला तेव्हा छातीत धडधड. फावड्याने तिन्ही बाजूंनी कापून ढेकूळ उलटं केलं, मग पिनपॉइंटर, म्हणजे गाजराएवढं हातातलं छोटं यंत्र, ते ढेकळात खुपसायचं आणि ते थरथरलं की तिथे बोटं. काडतुसाचं पितळी बूड निघालं. दुसरं, काडतुसाचं बूड. तिसरं, डब्याचा चिंधड्या झालेला ॲल्युमिनियम. मग शिसं, शिशाचा एक बिनआकाराचा गोळा, मग परत काडतूस. इथे लोक कबुतरं आणि तितर मारतात त्याची ही बुडं, शंभर वर्षांची साठलेली. शिवाय सफोकमध्ये दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन विमानतळ भरपूर होते, त्यामुळे मशीनगनच्या मोठ्या पुंगळ्याही निघतात. रिकामी असेल तर ठीक, बॉम्ब किंवा जिवंत गोळा वाटला तर हात न लावता लांब व्हायचं आणि पोलिसांना फोन.

दादाला ह्या सगळ्या कचऱ्याचं काही नाही, त्याचा राग वेगळ्याच गोष्टीवर. शहरातल्या बागकचऱ्याचं कंपोस्ट काही शेतात टाकतात, त्यात बॅटऱ्या, बाटल्यांची बुचं, कसले कसले धातूचे तुकडे बारीक होऊन येतात. एकदा ते पडलं की ते शेत डिटेक्टिंगसाठी मेलं, पावलागणिक दहा सिग्नल. म्हणून शेतकऱ्याशी दोस्ती झाली की पहिला प्रश्न हाच विचारायचा म्हणे.

पण आधी ह्या वस्तू शेतात आल्याच कशा, गावाबाहेर, घर नाही काही नाही? तर एक म्हणजे खत. गावातली घाण, राख, उकिरडा, सगळं गाड्यांनी शेतात यायचं आणि त्यात पडलेली बटणं, बकलं, नाणीपण. दुसरं म्हणजे माणसं. ट्रॅक्टर येण्याआधी ह्या शेतात कापणीला पन्नास माणसं असायची, वाकून काम, फाटके खिसे. आमच्या शेतात भांगलायला बायका यायच्या, त्यांच्या जोडव्या, बिरड्या काय कमी पडल्या असतील का.

दुपारी डबा खाऊन बांधाच्या कडेला फिरत होते, आणि चांगला, दोन्ही बाजूंनी सारखा येणारा सिग्नल. सारखा येणं महत्त्वाचं, लोखंडाचा एका बाजूने गोड येतो आणि वळून बघितलं की तुटतो. चार-पाच इंचांवर माती जरा पोकळ लागली आणि हातात आलं ते गोल, लिंबापेक्षा लहान, हिरवट, वर कान, खाली फट. मी हलवलं. आत गोटी होती आणि ती वाजली!

अहो घुंगरू! बैलाच्या गळ्यातलं असावं तसं घुंगरू, फक्त एकटं. इथे त्याला क्रोटल बेल म्हणतात, घोड्यांच्या साजाला, गाईला, मेंढीला बांधायचे. खालच्या अर्ध्या भागावर पाकळ्या कोरलेल्या, बोटाने नुसती ओली माती बाजूला केली (घासायचं नाही, दादा ओरडला) तर फटीच्या दोन बाजूंना दोन अक्षरं, आर आणि डब्ल्यू. दादा ढेकळांतून पळत आला. हा विल्टशरमधल्या ऑल्डबर्न गावच्या रॉबर्ट वेल्सचा शिक्का, तिथे ह्या घराण्याची घंटा ओतायची भट्टी होती, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि पुढे थोडी. म्हणजे इकडे पेशवाई होती तेव्हा तिकडे कुणीतरी हे ओतलं आणि सफोकमधल्या कुठल्यातरी घोड्याच्या गळ्यातून पडलं. अडीचशे वर्षांच्या आसपास चिखलात राहून वाजतंय अजून.

शेतकऱ्याला जाऊन दाखवलं. त्याने हलवून वाजवून बघितलं, माझ्याकडे परत दिलं, "तूच ठेव." त्याच्या बायकोला फोटो हवा होता.

शनिवार

आज सकाळी मशीनला सुट्टी, सटन हू बघायला गेलो. वुडब्रिजच्या समोर, डेबन नदीच्या पलीकडे टेकाडावर गवताचे उंचवटे आहेत, बस, लांबून बघितलं तर काहीच नाही. जागा नॅशनल ट्रस्टची, म्हणजे जुन्या जागा जपणाऱ्या संस्थेची, आणि त्यांच्या जमिनीवर मशीन चालवायला बंदी, गाडीच्या डिकीत मशीन होतं तर दादाने त्यावर चादर टाकली, उगाच कुणाला शंका नको.

1939 मध्ये ईडिथ प्रेटी नावाच्या बाई ह्या जमिनीच्या मालकीण, त्यांनी बेसिल ब्राऊन ह्या स्थानिक माणसाला कामाला लावलं. त्याने मोठा उंचवटा उघडला तर आत 27 मीटरचं जहाज. म्हणजे जहाज नव्हतंच, आम्लयुक्त वाळूत लाकूड पार विरघळून गेलेलं, राहिला होता तो वाळूतला आकार आणि ओळीने लोखंडी रिव्हेट. मधे सातव्या शतकातल्या, बहुधा राजाच्या, दफनातलं सोनं, शिरस्त्राण, चांदीची भांडी. त्या वेळचा नियम असा की मालकाने परत काढायच्या इराद्याने पुरलेलं असेल तरच ते सरकारचं. मेलेल्या माणसासोबत पुरलेलं कोण परत काढणार? कॉरोनरच्या चौकशीत ठरलं की सगळं ईडिथबाईंचं. आणि बाईंनी ते सगळंच्या सगळं ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकलं. इथे मला जरा वेळ लागला पचायला.

तिथून थोड्याच अंतरावर रेंडलशम. बघायला काही नाही, चर्च आणि शेतं, पण ह्या छंदातली माणसं हे नाव वेगळ्याच आदराने घेतात. आठव्या शतकातल्या बीड नावाच्या साधूने लिहून ठेवलंय की इथे ईस्ट अँग्लियाच्या, म्हणजे ह्याच भागातल्या जुन्या राज्याच्या, राजांचं ठाणं होतं, पण नक्की कुठे ते माहीत नव्हतं. 2008 च्या सुमारास जमीनमालकाने तक्रार केली की रात्री चोर येऊन शेतात खड्डे पाडतायत. ह्या चोरांना नाइटहॉक म्हणतात, दिवसा परवानगी न घेता रात्री टॉर्च लावून येतात, मिळेल ते उचलतात आणि विकतात. मग काउंटीच्या आर्किऑलॉजीवाल्यांनी काय केलं, पोलीस बंदोबस्त नुसता न लावता चांगले, अनुभवी डिटेक्टिंगवालेच बोलावले आणि सगळी शेतं पद्धतशीर पायाखाली घातली, प्रत्येक तुकड्याची जागा जीपीएसने नोंदवत. त्या नोंदींवरून राजाचं ठाणं कुठे ते उलगडलं, पुढे मोठ्या हॉलचे अवशेष मिळाले आणि 2023 मध्ये तर 1,400 वर्षांपूर्वीचं, ख्रिश्चन होण्याआधीचं बहुधा देवस्थानच. चोरांनी नेलं ते गेलंच, त्यातली एक वस्तू कुठल्या सरीतून आली ते आता कुणालाच सांगता येणार नाही.

मी दादाला विचारलं, मग लोक हा छंद बदनाम आहे असं का म्हणतात. तो म्हणाला दोघांच्या हातात मशीन तेच असतं, लांबून ओळखायचं कसं?

संध्याकाळी फेलिक्स्टोच्या बीचवर तासभर. कुठे चालतं कुठे नाही ते दादाने आधी बघून ठेवलेलं. ओल्या वाळूत मीठ असल्याने माझं साधं मशीन वेड्यासारखं किंचाळत होतं, अनेक फ्रिक्वेन्सीवाली मशीन लागतात तिथे. कोरड्या वाळूत चिल्लर, केसांच्या पिना, आणि जुना गोल एक पौंड, जो 2017 मध्ये चलनातून गेला. मागे कंटेनर पोर्टच्या मोठाल्या क्रेन, पुढे आम्ही, आणि वाऱ्याने कान बधिर. फिश अँड चिप्स मात्र झकास होते.

रविवार

दादाच्या डिटेक्टिंग क्लबचा डिग, म्हणजे सगळ्यांनी मिळून एका शेतात शोधायचं. चाळीसेक माणसं, गाड्यांची रांग शेताच्या कडेला, थर्मास, कुत्री, चिखलाच्या पँटी. बहुतेक साठीच्या पुढचे पुरुष, पण बायकाही होत्या आणि एक शाळकरी मुलगी आजोबांबरोबर. ब्राऊन म्हणाल तर मी आणि दादा. कुणी काही वेगळं वागलं नाही, उलट मशीन कुठलं, सेटिंग काय ठेवलंय हे विचारून विचारून जीव खाल्ला. इथे शिरायचं तर नॅशनल कौन्सिल फॉर मेटल डिटेक्टिंगचं सदस्यत्व किंवा तसाच विमा लागतो, तुमच्या खड्ड्यात कुणाच्या गाईचा पाय मोडला तर भरपाई द्यायला. खड्डे बुजवायचे हा तर पहिला नियमच.

आणि एका टेबलाशी फाइंड्स लायझन ऑफिसर बसलेली. हे पद मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटलं. 1997 पासून पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम म्हणून योजना आहे, प्रत्येक भागाला एक अधिकारी, तुम्हाला जे सापडलं ते तिला दाखवायचं, ट्रेझर नसलं तरी, सक्ती नाही. ती मोजते, वजन करते, फोटो काढते, जागा नोंदवते आणि वस्तू तुम्हाला परत देते. 15 लाखांच्या वर वस्तूंची नोंद आहे आजवर, कुणीही ऑनलाइन बघू शकतं. सफोकच्या नोंदी एसएफने सुरू होतात. लोक रांग लावून उभे होते हो! आपलं सापडलेलं फुटकं बक्कल घेऊन.

त्या शाळकरी मुलीला नाणं सापडलं, म्हणजे अर्धं नाणं. हातोड्याने ठोकलेला चांदीचा पेनी, मधून कापलेला. खोटं समजू नका, पूर्वी कापायचेच, सुट्टे पैसे म्हणून. अर्ध्या पेनीला अर्धा, पाव पेनीला चतकोर. 1247 पासून तर नाण्यावरचा क्रॉस मुद्दाम काठापर्यंत नेलेला, त्या रेषेवर कापायला सोपं. पुढे 1279 ला पहिल्या एडवर्डने सुटी छोटी नाणी पाडायला सुरुवात केली तेव्हा हे कापाकापीचं थांबलं. तिच्या तळहातावर तो तुकडा, नखाएवढा, बोटाने दाबला तर वाकेल इतका पातळ. सात-आठ म्हातारे भोवती वाकून बघतायत आणि ती शांतपणे सँडविच खातेय.

मला दुपारी तीनपर्यंत काही नाही, बटणं आणि शिसं. मग एक दणदणीत सिग्नल, इतका मोठा की मला वाटलं डबाच असणार. निघालं ते जाडजूड तांब्याचं चक्र, काठ उंच आणि रुंद, झिजून गुळगुळीत, पण तिरकं धरलं की तिसऱ्या जॉर्जचा चेहरा कळत होता. कार्टव्हील पेनी, 1797 चा. वजन नवा असताना पूर्ण एक औंस, म्हणजे 28 ग्रॅमच्या वर, नाण्याच्या किमतीएवढं तांबं त्यात असावं म्हणून. त्या काळी खोटी नाणी इतकी माजली होती की सरकारने बर्मिंगहॅमच्या मॅथ्यू बोल्टनकडून त्याच्या सोहो टांकसाळीत वाफेच्या प्रेसवर ही पाडून घेतली.

बोल्टन म्हटल्यावर दादाने माझ्याकडे बघितलं. "आजीच्या देव्हाऱ्यातलं तराजूचं नाणं आठवतंय का?" आठवतंय म्हणजे काय, मिरजेला आजीच्या देवांमध्ये टाकाबरोबर एक तांब्याचं नाणं असायचं, एका बाजूला तराजू, ती त्यालाही हळदकुंकू वाहायची. ते मुंबई इलाख्याचं, ईस्ट इंडिया कंपनीचं. त्यातली 1791 आणि 1794 ची नाणी त्याच बोल्टनने बर्मिंगहॅमला पाडून जहाजाने मुंबईला पाठवलेली. आजीचं कुठल्या सालचं होतं ते बघायचं राहिलं, आता मामाला फोटो काढून पाठवायला सांगितलंय.

टेबलावरच्या अधिकारी बाई म्हणाल्या, कार्टव्हील रोज येतात, नोंद बहुधा करणार नाही, पण घुंगरू आणलंय का? आणलं होतं. त्यांनी कॅलिपरने मोजलं, दादाने शेताचा ग्रिड रेफरन्स, म्हणजे नकाशावरच्या जागेचा नंबर, सांगितला, पावती मिळाली. पण आधी वाजवून बघितलंच.

सोमवार

परतताना मुद्दाम लंडनवरून आले, इप्सविच ते लिव्हरपूल स्ट्रीट सव्वा तास, आणि लेस्टरची गाडी सेंट पँक्रसहून, मधे ब्रिटिश म्युझियमला वेळ होता. पाठीवर सॅक, त्यात चिखलाचे बूट प्लास्टिकच्या पिशवीत, सिक्युरिटीवाल्याने पिशवी उघडून बघितली आणि पटकन बंद केली.

41 नंबरच्या खोलीत सटन हू, तिथे गर्दी. मला 49 मध्ये जायचं होतं, हॉक्सनचा खजिना. ही गोष्ट प्रत्येक डिटेक्टिंगवाला सांगतो. नोव्हेंबर 1992, सफोकमधलंच हॉक्सन गाव, पीटर व्हॉटलिंग नावाच्या शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला. त्याचा मित्र एरिक लॉज, निवृत्त माळी, त्याला निवृत्तीला मशीन भेट मिळालेलं, तो हातोडा शोधायला गेला. चांदीचे चमचे, सोन्याच्या साखळ्या आणि नाणी निघायला लागली. थोडी निघाल्यावर तो थांबला, बाकीचं जमिनीत ठेवून कळवलं. दुसऱ्या दिवशी आर्किऑलॉजीवाले आले आणि सगळं पेटीत जसं लावलं होतं तसं मातीसकट काढलं. जवळजवळ 15,000 रोमन नाणी, पाचव्या शतकाच्या सुरुवातीला पुरलेली. पेटीचं लाकूड गेलं होतं, पण तो थांबला म्हणून आत काय कशाशेजारी होतं ते कळलं. साडेसतरा लाख पौंड मिळाले त्याला, आणि त्याने ते शेतकऱ्याबरोबर वाटून घेतले. हातोडाही सापडला, तोही म्युझियमकडे आहे.

पण मी थबकले ते एका बाईच्या छोट्या चांदीच्या पुतळीपाशी. दहा सेंटिमीटरच्या आसपास उंची, केसांची छान रचना, थोडा सोन्याचा मुलामा. ही मिरीदाणी आहे! बुडाला फिरती चकती, एका जागी बंद, दुसरीकडे फिरवली की बारीक भोकातून मिरपूड पडते, तिसरीकडे पूर्ण उघडते, भरायला. आणि मिरी कुठली, मलबारची. केरळच्या किनाऱ्यावरून जहाजाने तांबड्या समुद्रात, तिथून इजिप्त, रोम आणि तिथून सफोक. शेजारच्या बाईंना सांगावंसं वाटलं, की ही आमच्याकडची. सांगितलंच शेवटी. त्या "हाऊ लव्हली" म्हणून पुढे गेल्या.

दायमाबादची आठवण झाली तिथे. 1974 मध्ये श्रीरामपूर तालुक्यात छबू लक्ष्मण भिल्ल झाडाचं मूळ खणत होते, त्यांना तो ब्राँझचा बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस मिळाली, साठ किलोच्या वर धातू. मशीन नाही काही नाही. मोडीत गेलं असतं तर तांब्याचा भाव आला असता आणि आपल्याला कळलंही नसतं.

गाडीत बसल्यावर मी दादाला मेसेज करून विचारलं, डिसेंबरमध्ये मिरजेला मशीन घेऊन जाऊ का, मळ्यात फिरवायला. लगेच फोन आला. "अजिबात नाही. विमानतळावर बॅग उघडली की आधी तासभर समजावत बसशील, मग गावात पोचलीस की संध्याकाळपर्यंत अख्ख्या पंचक्रोशीत बातमी की हिला गुप्तधन शोधायचंय, आणि रात्री मळ्यात कोण कोण येऊन खणेल ते बघ. आणि सापडलंच काही तर दाखवणार कुणाला?" मागून वहिनींचा आवाज, "तिला सांग ते जुनं मशीन घेऊन जा म्हणावं, गॅरेजमध्ये जागा होईल."

जुनं मशीन मी घेतलं, पैसे द्यायचे म्हटलं तर दादाने घेतले नाहीत, पिनपॉइंटर मात्र नवा घ्यावा लागेल. लेस्टरच्या बाजूला परमिशन शोधायची आहे. चकल्यांची भाजणी मिरजेहून मागवलीय. दरम्यान दादाचा मेसेज आलाय, त्याच शेतकऱ्याच्या दुसऱ्या एका शेतातलं बीट नोव्हेंबरमध्ये निघतंय, आठ-दहा दिवस मोकळे मिळतील, शेतकऱ्याने विचारलंय ती घुंगरूवाली येणार आहे का.